बँडमास्तरांचे दोन पंप

"थांबा, थोडी हवा भरून घेतो."

एवढं म्हणून बँडमास्तर डाव्या हाताचं एक बोट वर करायचे आणि अख्खी वरात उभी राहायची. लाल कोटाच्या खिशातून निळा पंप निघायचा. तो ते चांगला हलवायचे, छातीतली सगळी हवा फुंकून बाहेर टाकायचे, पंप ओठांत धरून दाबायचे आणि ओढलेला श्वास तसाच कोंडून उभे राहायचे. बोट वरच. बोट वर आहे तोवर बँडमास्तरांशी कोणी बोलायचं नाही, हे आमच्या गोंडपिपरीत लहान पोरांनाही ठाऊक होतं. पोरं तर त्यांच्याबरोबर श्वास कोंडायची आणि गाल फुगवून एकमेकांकडे बघायची. घोड्यावरचा नवरदेव, नाचून घामाघूम झालेले त्याचे मित्र, डोक्यावर गॅसबत्त्या घेतलेल्या बाया, सगळ्यांचे डोळे त्या बोटाकडे. बोट खाली आलं की क्लॅरिनेट ओठाला लागायची, आणि मग काय विचारता!

तुम्ही दम्याचा माणूस जवळून पाहिला असेल तर तुम्हाला माहीत असेल, तो आपलं औषध लपवतो. नव्वद सालानंतरचे ते दिवस. आमच्याकडे पंप म्हणजे शेवटचं औषध समजत. इंजेक्शन घेतलं तर लोक चारचौघांत कौतुकानं सांगत. पंप मात्र पदराआड. पंप लागला म्हणजे आता या माणसाचं काही खरं नाही, असं बोललं जाई. आणि हा माणूस सोनेरी झालरीचा कोट घालून भर चौकात, ऐन वरातीत पंप ओढायचा.

"या माणसाले लाजच नाई," असं माझी माय म्हणायची. ते त्यांच्या कानावर गेलं. माय मासे घेऊन त्यांच्या दाराशी बसली असताना त्यांनी टोपलीतली एक मरळ उचलून तिच्यासमोर धरली.

"बाई, हिले तुमी पाण्यातून काढलं, तवा हे लाजली का? तोंड वासूनच राह्यली ना? मंग मले काऊन बोलता?"

माय हसली नाही. पण मासोळी तोलताना वरून दोन झिंगे जास्तीचे टाकले, ते मी पाहिलं.

आम्ही ढिवर. बाबा तलावात जाळं टाकत, माय टोपली घेऊन दारोदार फिरे. आमच्या मोहल्ल्यातली पहिली बी.ए. मी. हे मी अभिमानानं सांगते, कोणाला आवडो न आवडो. माझी थोरली बहीण सुमन माझ्याहून हुशार होती, पण चुलीचा धूर, धानाचा कोंडा, सुकत घातलेल्या मासोळीचा वास, असं काहीही तिच्या छातीला लागायचं आणि ती उंबऱ्याला हात टेकून बसायची. शाळा तिथंच सुटली.

बँडमास्तरांचं घर आमच्या मोहल्ल्याच्या तोंडाशी होतं. घराणं पिंजाऱ्याचं. बापाबरोबर गाद्या भरता भरता कापसाच्या तुसानं त्यांची छाती धरली. धाकट्या भावाच्या हाती दुकान देऊन ते बँडमध्ये शिरले. यामागं त्यांचं एक शास्त्र होतं. "कापूस आत गेला ना? मंग तो बाहेर फुकून काढाले पायजे. म्हणून क्लॅरिनेट." कोण्या डॉक्टरनं त्यांना सांगितलं की असं काही नसतं. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं: "डॉक्टरसाहेबानं कधी क्लॅरिनेट वाजवली काय?"

आपल्या औषधांचा इतिहास ते ओट्यावर बसून कोणालाही सांगत. हुकमी श्रोते म्हणजे आम्ही मोहल्ल्यातल्या पोरी.

"पहिले सिरप. गोड. त्यानं मुंग्याच खूश झाल्या. मंग गोळी. गोळीनं छाती मोकळी होते, पण हात कापते. माझे बोटं क्लॅरिनेटवर थरथर थरथर करत, अन् लोक म्हणत, वा मास्तर, काय हरकत घेतली! मंग शिरेतलं इंजेक्शन. ते घेतलं की छाती घोड्यावानी पळे. मंग पुडी." पुडीपाशी ते थांबत. तिथून गाडी सरळ पंपावर येई. "पंपाचं औषध जिथी पायजे तिथीच जाते. पोट नाई, शीर नाई. सीधा मुक्कामावर."

पंप दोन होते. निळा आणि तपकिरी. निळा धाप लागल्यावर ओढायचा; तो लगेच वाट मोकळी करतो. तपकिरी सकाळ-संध्याकाळ, बरं वाटत असलं तरी घ्यायचा आणि वर गुळण्या करायच्या; तो आतली सूज कमी ठेवतो, म्हणजे धाप लागण्याची पाळीच कमी येते. हे मला पुढे एका डॉक्टरांनी नीट समजावलं. बँडमास्तर मात्र आपल्या भाषेत सांगायचे. "निळा म्हणजे क्लॅरिनेट. वाजली की सारे म्हणते वा वा. तपकिरी म्हणजे मागचा मोठा ढोल. त्याच्याकडे कोणी पाह्यत नाई. पण तो घरी राह्यला ना, तं बारात चालतच नाई, नुसती धक्काबुक्की होते."

आतून चाचीचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, आवाज यायचा. "अन् यांचा ढोल कपाटात पडून हाये दिवाळीपासून! लोकांले अक्कल शिकवते!"

"घेतो ना, घेतो," म्हणत ते उठायचे. तपकिरी पंप घ्यायचा त्यांना खरंच कंटाळा होता. त्याचा परिणाम लगेच दिसत नाही, टाळ्या पडत नाहीत, म्हणून असेल.

आता सुमनचं सांगते.

तिला स्थळ येईना. आलं तर टिकेना. कोणीतरी बातमी पोचवायचंच, पोट्टीले दमा हाये. मग मायला कोणी एका डॉक्टरचं नाव सांगितलं. पाटी नाही, शिक्का नाही, बसच्या रस्त्यावरच्या एका गावात तो बसायचा आणि कागदात बांधून पांढरी पुडी द्यायचा. पुडीनं जादू केली. सुमनची धाप थांबली. ती जेवायला लागली. थोड्याच महिन्यांत तिचा चेहरा असा भरला की गालांवर लाली आली. मोहल्ल्यातल्या बाया म्हणाल्या, पोट्टी सुधारली बाप्पा. कुरखेड्याकडचं स्थळ आलं. मुलाची आई सुमनकडे बघून म्हणाली, "चेहरा कसा पुनवेवानी हाये." लग्न ठरलं. मायनं तलावाकाठच्या देवीला नारळ फोडला.

मीही खूश होते. कोण होणार नाही?

बँडची सुपारी अर्थात बँडमास्तरांनाच. कोणती गाणी वाजवायची ते विचारायला ते आमच्या अंगणात आले, खाटेवर बसले. सुमन पाणी घेऊन आली. त्यांनी पेला घेतला, पण पाणी प्यायले नाहीत. तिच्याकडे बघत राहिले.

"गाल भरले पोरी तुये," ते म्हणाले. "मंग हात काऊन काड्यावानी राह्यले?"

सुमननं हात मागे घेतले.

"पुडी घेतं?"

सुमननं मायकडे पाहिलं. बँडमास्तर उठून घरी गेले आणि एक फोटो घेऊन आले. भावाच्या निकाहातला. फोटोत एक गोल गरगरीत चेहऱ्याचा माणूस हसत होता. तो म्हणजे बँडमास्तरच, हे आम्हाला सांगावं लागलं.

"तवा लोक मले म्हणत होते, मास्तर, सासुरवाडी मानवली. मी बी मानलं. बाई, हे तब्येत नाई, हे सूज हाये. त्या पुडीत भारी गोळ्या कुटून टाकते तो. स्टिरॉईड म्हणते त्याले. डॉक्टर देते तवा मोजून देते, गरज पडली तं देते. हा मापच नाई ठेवत. त्या पुडीनं मले साखर लावली जलमभराची. हिले मोठ्या दवाखान्यात न्या. अन् पुडी एकदम बंद नोका करू, मी केली होती, अन् मरता मरता वाचलो."

मायचा चेहरा कठीण झाला. मी तिला दोष देत नाही. किती वर्षांनी घरात हळदीची बोलणी चालली होती.

"भाऊ," ती हळूच म्हणाली, "लग्न होईतो राहू द्या ना. चेहरा उतरला तं ते लोक नाई म्हणतीन."

"अन् लग्नानंतर?"

"मंग पाहू."

त्यांनी खिशातून सुपारी काढली, खरोखरची, आमच्या बाबांनी दिलेली, आणि खाटेवर ठेवली. "मंग दुसरा बँड पाहा बाई. मी वाजवत नाई."

"हो, पाहू!" माय तडकली. "तुमचाच एक हाये का? चंद्रपूरचा आणू!"

हे त्यांना चांगलंच लागलं असणार. चंद्रपूरच्या बँडवर त्यांचा फार राग होता. तरी ते उठले. मी बाबांकडे पाहिलं, बाबा जाळ्याची गाठ सोडवत बसले होते. मी म्हटलं, "माय, मास्तर बरोबर सांगून राह्यले." माय माझ्यावर ओरडली, "तू कालेज शिकली, तुले काय, तुयं होईन कुठीबी!" आणि रडायला लागली.

तेव्हा सुमन बोलली. ती कधी फारसं बोलत नसे.

"माय, तो पुडीवाला इथी हाये. तिकडे कुरखेड्याले मले पुडी कोण आणून देईन? संपली मंग?"

मायनं डोळे पुसले आणि पदराची गाठ सोडून बसचे पैसे काढले.

दोन दिवसांनी आम्ही चंद्रपूरला गेलो. बसमध्ये बँडमास्तर पुढच्या सीटवर, अंगात साधा सदरा, फार लहान दिसत होते. डॉक्टरांनी सुमनला तपासलं, पुडी हुंगून बाजूला ठेवली आणि रागावले नाहीत. गोळ्यांचं माप लिहून दिलं, हळूहळू कसं कमी करत जायचं ते मला दोनदा समजावलं, आणि निळा-तपकिरी दोन्ही पंप लिहिले. मग त्यांनी बँडमास्तरांकडे वळून विचारलं, "आणि तुम्ही? तपकिरी घेता ना रोज?"

बँडमास्तरांनी छताच्या पंख्याकडे पाहिलं.

"मास्तर, निळा जितका जास्त लागतो तितका आजार ताब्याबाहेर आहे, असं समजायचं. तुमचा निळा किती लागतो ते सगळं गोंडपिपरी बघतं म्हणे!"

परत येताना बल्लारपूरपर्यंत ते खिशातला निळा पंप चाचपत राहिले. मग म्हणाले, "डॉक्टर चांगला हाये. पण बोलते लय."

पंप ओढायला त्यांनीच सुमनला शिकवलं, आमच्याच अंगणात. माय पाठ फिरवून मासे साफ करत बसे. "पहिले सारी हवा बाहेर टाक. सारी. उधारी ठेवू नोको. आता दाब अन् ओढ, सोबतच. मी बाहेर फुकतो, तू आत फुक. अन् मंग रोक." ते बोट वर करायचे. सुमन पहिल्यांदा खोकली, दुसऱ्यांदा हसली, तिसऱ्यांदा जमलं. सुपारी खाटेवरून कधी उचलली गेली ते मला कळलं नाही. मायनं परत दिली नाही, त्यांनी मागितली नाही. बाबांनीच गुपचूप त्यांच्या खिशात घातली असावी.

चेहरा उतरत गेला. लग्नापर्यंत सुमन पुन्हा आमची जुनी, लांबट तोंडाची सुमन झाली. माय दिवसभर कुढायची. कुरखेड्याला कळवायचं का, यावर घरात रोज भांडण. मी म्हणे कळवू, माय म्हणे अजिबात नाही. शेवटी मायनं शपथ घातली: मंडपात पंप दिसला तर माझं मेलेलं तोंड पाहाल. लग्नाच्या दिवशी निळा पंप तिनं पेटीत टाकला आणि किल्ली कनवटीला खोचली.

गोरज मुहूर्त होता. वरात आली ती फटाके फोडत. धूर सगळा मंडपात. नेहमीच्या रिवाजाप्रमाणे मंडपाच्या तोंडाशी बँड अडला, नवरदेवाच्या मामानं खुशीनं बक्षिसी दिली, बँड पुढे सरकला. हे सांगायचं कारण पुढे कळेल. अंतरपाट धरला गेला. मंगलाष्टकं सुरू झाली. प्रत्येक कडव्याशेवटी 'सावधान' म्हटलं की अक्षता पडायच्या आणि बँड एकदम झडायचा. पिवळ्या अक्षतांची भुकटी उडत होती. मी सुमनच्या मागेच उभी होते, तरी मला तिची फक्त पाठ दिसत होती. मंडपाच्या तोंडाशी उभ्या असलेल्या बँडमास्तरांना तिचं तोंड बाजूनं दिसत होतं.

पुन्हा 'सावधान' झालं. अक्षता पडल्या. बँड वाजला नाही.

माना वळल्या. बँडमास्तर क्लॅरिनेट खाली करून उभे होते आणि त्यांचं एक बोट वर होतं, आपल्या माणसांसाठी, वाजवू नका म्हणून. नवरदेवाचा मामा चिडला. मंडपात बँड थांबला याचा अर्थ आमच्याकडे एकच, रुसला, अजून पैसे पाहिजेत. तो तरातरा गेला आणि नोट त्यांच्या कोटाच्या झालरीत खोचून म्हणाला, "आत्ताच तं देली बाप्पा तुले! किती खातं? वाजव!"

ते ऐकतच नव्हते. नोट खाली पडली. ती तुडवून ते सरळ मंडपात आले, बायकांमधून वाट काढत. कोणीतरी ओरडलं, "अरे, हा बँडवाला कुठी चालला?" मी तोवर पुढे होऊन सुमनचं तोंड पाहिलं. ओठ काळसर पडले होते, खांदे वर उचलले जात होते, आणि ती अंतरपाटाकडे डोळे लावून उभी होती, कोणाला कळू नये म्हणून.

त्यांनी आपला निळा पंप काढला, बाहीला खसाखसा पुसला, हलवला, तिच्या हातात दिला.

"सारी बाहेर टाक पोरी. हं. आता ओढ."

सुमननं ओढलं. अंतरपाट धरणाऱ्यांचे हात खाली आले होते. पलीकडून नवरदेव बघत होता, त्याची आई बघत होती. माझी माय खांबाला धरून उभी.

सासूबाई पुढे आल्या. "काय झालं? दमा हाये का पोरीले?"

सुमननं डाव्या हाताचं बोट वर केलं. होणाऱ्या सासूसमोर, अंतरपाटापाशी, हळदीच्या हातानं. श्वास कोंडलेला होता ना! आणि सासूबाई थांबल्या. अख्खा मंडप थांबला. बोट खाली आलं.

"हाये," सुमन म्हणाली. "रोजचं औषध हाये. ते घेतलं तं काई होत नाई मले."

"फसवलं!" मामा म्हणाला. मागून कुजबुज वाढायला लागली. बँडमास्तर तिथंच उभे, जाऊ की राहू न कळून. तेव्हा नवरदेव बोलला. भातगिरणीत कामाला होता तो, गोंडपिपरीत आल्यापासून त्याच्या तोंडून एक शब्द आम्ही ऐकला नव्हता. त्यानं आईला नाही, मामाला नाही, बँडमास्तरांना विचारलं.

"हे कुरखेड्यात भेटते का?"

"भेटन," बँडमास्तर म्हणाले. "नाई भेटलं तं जवळच्या वडशाले नक्कीच. पण निळा एकटा नोका आणू. तपकिरी बी आणा. अन् बाबू, गिरणीचे कपडे अंगणातच झटकून घरात जात जा."

"बरं," तो म्हणाला.

सासूबाईंनी एकदा मुलाकडे पाहिलं, एकदा सुमनकडे. मग बँडमास्तरांवरच खेकसल्या, "मंग आता उभे काऊन राह्यले? मुहूर्त जाऊन राह्यला ना! वाजवा!"

आपल्या पंपाविना बँडमास्तरांनी त्या दिवशी शेवटपर्यंत वाजवलं. पंप त्यांनी परत घेतलाच नाही.

पुढे सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही. पहिली काही वर्षं सुमनला सासरी टोमणे बसले. मामा तर आजही आमच्याकडे पाणी पीत नाही. पण गिरणीतला माणूस दर महिन्याला वडशाला जात राहिला. सुमनला दोन लेकरं झाली. ती धानाच्या रोवणीला जाते, चुलीपाशी कमी बसते. आणि माय? मायनं बँडमास्तरांची कधी तोंडभरून माफी मागितली नाही. तलावाची पहिली मरळ मात्र चाचीच्या घरी जायची, आणि चाचीनं किंमत विचारली की माय म्हणे, "घ्या ना, कायले बोलून राह्यल्या?"

बँडमास्तर गेले ते दम्यानं नाही. जुन्या साखरेनं आधी पाय धरला, मग मूत्रपिंडं. तोवर ते बसस्टँडपलीकडच्या टेकाडावर, मुलानं बांधलेल्या नव्या घरात राहायला गेले होते. मी सुमनला फोन केला. दुसऱ्या दिवशी दुपारी ती एकटीच बसमधून उतरली. मी तिला घ्यायला गेले होते. ऊन कडक, रस्ता मुरमाचा, ट्रकची धूळ उडत होती. मी म्हटलं, ऑटो करू. ती "नाई" म्हणाली आणि पदर खोचून चढ चढायला लागली.

मी शाळेत दिवसभर खुर्चीत बसणारी, अर्ध्या चढावर मला दम लागला आणि मी एका कडुनिंबाला टेकून उभी राहिले. हाक मारावी म्हणून वर पाहिलं. सुमन तशीच चालत होती, न थांबता, एका लयीत. टेकाडावरच्या दारात चाची उभी होती. सुमननं चपला काढल्या आणि आत गेली.